दौंडला शून्य अंश

माझं काम काय आहे ते सांगितलं की गावातले लोक आधी हसतात. समुद्राच्या पाण्याचं तापमान आणि त्यातलं मीठ यांचे आकडे तपासायचे. आणि हे कुठं बसून? मांडवगण फराट्यात, जिथून समुद्र बघायचा तर अख्खा सह्याद्री ओलांडावा लागतो. त्या हसण्याचा मला कधी राग आला नाही. मला राग येतो तो पुण्यातल्या आमच्या ऑफिसचा, जिथं हे काम कळणारी माणसं बसतात आणि मला विचारतात, "तुमच्याकडं लाईट जाते ना गं सारखी?"

जाते. इन्व्हर्टर आहे. पुढं बोला.

तर काम असं. समुद्रात जागोजागी जाऊन कुणी थर्मामीटर बुडवत बसत नाही. परदेशातल्या संस्था सगळ्या समुद्राचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनात पाणी किती गरम, किती खारट, हे कॉम्प्युटरकडून हिशेबानं काढून घेतात. त्या फाईली आमचं ऑफिस उतरवून घेतं, त्यातून आपला किनारा कापून काढतं, मोठ्या चौकोनांचे बारीक चौकोन करतं आणि ज्याला हवे त्याला नकाशे आणि तक्ते विकतं. शेवटचा तक्ता मी करते. दिवसभर समुद्रातलं मीठ मोजते आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात आप्पांपासून मीठ लपवते.

आप्पा म्हणजे माझे वडील. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा दौंडला डायलिसिस. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की किडनी बदलणं त्यांच्या हृदयाला झेपणार नाही, मशीन आता कायमचं. घरात आम्ही दोघंच. आई नाही, बहीण सुरतेला नांदते. शेजारी जिवाला जीव देणारे आहेत, पण आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, तेही कायमचं, असं कुणाला कोणत्या तोंडानं म्हणायचं? एसटीनं आप्पा एकटे गेले तर जातील, येणार नाहीत. मशीनवरून उठल्यावर त्यांचे पाय लटपटतात, डोळ्यांपुढं अंधारी येते. म्हणून मी पुण्यातली खोली सोडली, गाडी चालवायला शिकले आणि ऑफिसकडून घरून काम करायची परवानगी मिळवली. ती माझी चैन नव्हती. आप्पा जिवंत राहणं त्या परवानगीवर अवलंबून होतं, आणि हे ऑफिसात प्रत्येकाला माहीत होतं.

मे महिन्यातला मंगळवार होता. आप्पांना घेऊन निघाले होते, भीमेचा पूल थोडा पुढं असेल, तेवढ्यात सरांचा फोन. सर मला एरवी नावानं हाक मारतात. 'मॅडम' म्हटलं की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

"मॅडम, काय पाठवलंत हे?"

मी गाडी बाजूला घेतली. कोकणच्या किनाऱ्याला पाण्यात पिंजरे टाकून मासे वाढवणारी एक कंपनी आमची गिऱ्हाईक. पिंजरे कुठं टाकायचे ते ठरवायला त्यांनी तक्ता मागवला होता. त्यांच्या माणसानं तो उघडला आणि विचारलं, किनाऱ्याला लागून मे महिन्यात पाणी चौदा अंश कसं? आणि मीठ निम्मं कसं? बरोबरच विचारलं त्यानं. कोकणात मे महिन्यात समुद्राचं पाणी अठ्ठावीसच्या खाली येत नाही. चौदा अंशांत आपल्याकडचा मासा नुसता गारठून मरेल.

सरांनी त्याला आधी सांगितलं होतं की तिथं नद्या मिळतात, गोड्या पाण्यानं मीठ कमी होतं. मे महिन्यात! ज्या महिन्यात कोकणातल्या अर्ध्या नद्यांच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. आणि नदीनं मीठ कमी होईलही एकवेळ, पण ती काय बर्फ घेऊन येते? गिऱ्हाइकाला ते पटलं नाही. मग सरांना दुसरं कारण हवं होतं, आणि ते कारण मी होते.

आमच्या ऑफिसात एक पद्धत आहे, कुठं लिहिलेली नाही पण सगळे पाळतात. फाईलला शेवटचा हात ज्याचा लागला, चूक त्याची. आधीच्या दहा हातांनी काय केलं ते कुणी बघत नाही. त्याच फोनवर सरांनी बाकीच्यांनाही घेतलं होतं, आणि मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "मला वाटतं, तिच्याकडं नेट तुटलं असणार आणि फाईल अर्धवट उतरली." त्यावर सगळ्यांनी हं-हं केलं.

आता ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण माझ्या डोक्यात तिडीक गेली ती इथं. फाईल माझ्याकडं उतरतच नाही. ती पुण्यात, ऑफिसच्या मशीनवर उतरते, तिथंच राहते, तिथंच तिच्यावर काम होतं. माझ्या घरी असतो तो फक्त पडदा. मांडवगणचं नेट तुटलं तर माझा पडदा थिजेल, पुण्यातल्या फाईलचा केसही वाकडा होणार नाही. ही व्यवस्था सरांनीच बसवलेली. तरी ते असं बोलले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या, कारण गाव म्हटलं की काहीतरी तुटलेलं असणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय.

मी म्हटलं, "सर, फाईल माझ्याकडं येतच नाही."

"ते टेक्निकल नंतर बघू," सर म्हणाले. ज्या ऑफिसात टेक्निकलखेरीज दुसरं कामच नाही, तिथं टेक्निकल नंतर बघायचं. "पण एक तारखेपासून तू ऑफिसला येत जा. रोज. टीमच्या दृष्टीनं तेच बरं."

फोन बंद झाला. गाडीतला स्पीकर चालू होता, त्यामुळं आप्पांनी सगळं ऐकलं होतं. ते एके काळी गावच्या सोसायटीचे चेअरमन होते, आयुष्यभर मीटिंगा केलेला माणूस.

"आमच्या सोसायटीत बी असंच व्हायचं," ते म्हणाले. "जो पयला बोलंल त्याचं खरं. दुसऱ्याला नुसती उत्तरं द्यावी लागत्यात." मग म्हणाले, "जा तू पुण्याला. मी बघीन माझं."

"काय बघणार तुम्ही? एसटीची पायरी तरी चढता येतीय का परतताना?"

"कुणी बी धरंल हाताला."

मला त्यांचाही राग आला. इतक्या सहज स्वतःला सोडून देणाऱ्या माणसाचा राग येणार नाही तर काय. मी गाडी काढली.

आप्पांना मशीनवर घेतल्यावर मी बाहेरच्या हॉलमध्ये बसते. ती माझी ऑफिसची जागा. कोपऱ्यात कूलर घरघरत असतो, पण त्याचा वारा पहिल्या बाकाच्या पुढं जात नाही. मांडीवर लॅपटॉप घेऊन मी पुण्याच्या मशीनमध्ये शिरले. आधी परदेशातून आलेली मूळ फाईल तपासली. अशा फाईलीबरोबर एक लांबलचक खूण येते, फाईलमधला एक आकडा जरी हलला तरी ती जुळत नाही. जुळली. फाईल पूर्ण उतरली होती. म्हणजे सरांचं ते तुटलेलं नेट तिथंच खोटं ठरलं. पण एवढ्यावर मी गेले असते तर त्यांनी तिसरं कारण काढलं असतं. मला चूक मुळापासून हवी होती.

मग मी बिघडलेले चौकोन एकेक बघायला लागले. सगळे किनाऱ्याला चिकटून होते, खोल समुद्रात एकही नाही. जिथं पाणी अठ्ठावीस हवं तिथं चौदा, आणि तिथंच मीठ किलोभर पाण्यामागं पस्तीस ग्रॅम हवं ते साडेसतरा. त्याच्या शेजारच्या चौकोनात पाणी एकवीस, आणि मीठ सव्वीसच्या आसपास. मी भागाकार करून बघितला. एका जागी दोन्ही निम्मे, दुसऱ्या जागी दोन्ही पाऊण. जिथं जाईन तिथं तेच. पाणी आणि मीठ, दोघांना कुणीतरी एकाच मापानं छाटलं होतं. निसर्ग असं करत नाही. नदीनं मीठ घटतं तेव्हा पाणी त्याच प्रमाणात गार होत नाही. हे माणसाचंच काम होतं.

कुणाचं आणि काय, ते मात्र कळेना. तास गेला. शेजारचे एक आजोबा माझ्या पडद्यावरचे रंग बघत होते, त्यांना वाटलं मी टीव्ही बघतेय. घामेजलेलं बोट घसरलं आणि नकाशावरचा बाण समुद्र सोडून जमिनीवर गेला. सह्याद्री ओलांडून बराच आत. खाली आकडा उमटला. तापमान शून्य. मीठ शून्य. मी अक्षांश-रेखांश वाचले. तो चौकोन जवळजवळ दौंडचाच होता.

बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. रिक्षावाले सावली धरून झोपले होते. आणि आमच्या ऑफिसच्या फाईलमध्ये दौंडला शून्य अंश तापमान होतं.

मी ताबडतोब मूळ फाईलमध्ये दौंड उघडलं. तिथं होती उणे बत्तीस हजारांच्या वरची एक अचाट संख्या. ती संख्या म्हणजे तापमान नाही. 'इथं पाणीच नाही, ही जागा रिकामी आहे' असं सांगायची ती ठरवून दिलेली खूण. कॉम्प्युटरला ती कळते आणि तो ती जागा हिशेबातून वगळतो. आमच्या फाईलमध्ये कुणीतरी ती खूण पुसून तिथं शून्य टाकलं होतं. सगळ्या जमिनीवर. मग मोठ्या चौकोनांचे बारीक चौकोन करताना कॉम्प्युटरनं शेजारच्या आकड्यांची सरासरी काढली, आणि किनाऱ्यावर शेजारी कोण? एकीकडं समुद्र, अठ्ठावीस. दुसरीकडं जमीन, शून्य. सरासरी चौदा. रिकाम्या जागेची सरासरी निघत नाही, शून्याची निघते. एवढीच चूक. शाळेतल्या पोराला कळेल अशी.

आणि शून्य कुणी टाकायला लावलं तेही मला आठवलं, आठवलं म्हणजे अंगावरच आलं. थंडीच्या दिवसांत त्याच कंपनीपुढं नकाशे दाखवायचे होते. त्यांच्या एका साहेबानं विचारलं, "जमिनीवर हे पांढरं पांढरं काय आहे? भोकं पडल्यासारखं दिसतंय." सर ओशाळले. त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं, "रिकामं वाईट दिसतं. शून्य भरून टाका, रंग येईल." त्या मीटिंगला मीही फोनवर होते, ह्याच बाकावरून. मी म्हटलंही होतं, "सर, शून्य हेसुद्धा तापमानच असतं." सर म्हणाले, "अगं, चित्रापुरतंच आहे." ते चित्रापुरतं राहिलं नाही. मूळ फाईलवरून आम्ही कामाची फाईल करतो, तिच्यावरच कुणीतरी ते चालवलं, आणि पुढचे सगळे तक्ते त्या फाईलवरून झाले.

आपल्याला रिकामं ठेवताच येत नाही. शाळेच्या अर्जापासून तालुक्याच्या कचेरीपर्यंत आपल्या मनावर हेच ठसवलंय की रकाना रिकामा सोडला तर कागद परत येतो. काही नसेल तर 'निरंक' लिही, शून्य टाक, रेघ मार, पण भर. भरला की काम झालं. त्या शून्याचं पुढं काय होतं, ते कुणाची सरासरी खातं, हे विचारायची सवयच नाही.

मी लगेच कुणाला फोन केला नाही. 'जो पयला बोलंल त्याचं खरं' हे आप्पांचं वाक्य डोक्यात होतं. गुरुवारी आठवड्याची मीटिंग असते, सगळे असतात. गुरुवारी आप्पांना मशीनवर घेतलं, मी बाकावर बसले, कानात वायर घातली आणि मीटिंग सुरू होताक्षणी, सरांनी 'गुड मॉर्निंग' म्हणायच्या आत, माझा पडदा सगळ्यांना दाखवला.

"सर, दौंडचं तापमान बघा."

"दौंडचा काय संबंध?"

"आपल्या फाईलमध्ये दौंडला शून्य अंश आहे. मी आत्ता दौंडलाच बसलेय. इथं बर्फ पडत नाहीये."

कुणीतरी हसलं आणि पटकन गप्प झालं. मी एकेक पायरी दाखवली. मूळ फाईलची खूण जुळते. त्यात दौंड रिकामं आहे. आपल्या फाईलमध्ये शून्य आहे. मग त्यांच्यासमोरच शून्यं काढून जागा पुन्हा रिकाम्या केल्या आणि हिशेब परत चालवला. किनारा भरून आला. पाणी अठ्ठावीस, मीठ पस्तीस. नकाशात दौंड, शिरूर, पुणं, सगळं पांढरं, जसं असायला हवं तसं.

सर म्हणाले, "ओके. टीम म्हणून आपल्या सगळ्यांकडूनच राहून गेलं."

मंगळवारी चूक एकटीची होती, गुरुवारी सगळ्यांची झाली. एवढ्या लोकांत एकालाही म्हणावंसं वाटलं नाही की आपण हिच्यावर उगाच ढकललं. मी विचारलं, "आणि एक तारखेचं, सर?"

"हां, ते," सर म्हणाले. "घरूनच करायचं असेल तर कर, पण एचआरला फॉर्म लागतो. कधीपर्यंत ते टाक म्हणजे झालं."

परतताना गाडीत आप्पांना शून्याची सगळी गोष्ट सांगितली. शुक्रवारी सकाळी ओट्यावर बसून मी तो फॉर्म उघडला. नाव, हुद्दा, कारण. कारणात लिहिलं, वडिलांचं डायलिसिस. त्याच्याखाली रकाना होता: 'कोणत्या तारखेपर्यंत'. पुढं लाल चांदणी, म्हणजे भरायलाच हवा.

मी त्या रकान्याकडं किती तरी वेळ बघत राहिले. मशीन कायमचं आहे. मग ते थांबणार कधी? त्याला एकच उत्तर आहे. त्या रकान्यात मी आप्पांच्या मरणाची तारीख लिहावी असं ऑफिस मला विचारत होतं, फक्त तसं छापलं नव्हतं. मी तो रिकामा ठेवून पुढं जायला बघितलं. लाल अक्षरांत आलं, ही जागा रिकामी ठेवता येणार नाही.

आप्पा शेजारी खाटेवर बसून आळणी पोहे चिवडत होते. "काय आडलंय?"

"काही न्हाई."

"कायतरी हाय. त्वांड बघ तुझं."

"किती दिवस लागतील विचारतायत. तुमचं."

त्यांना कळलं. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "मंग टाक की तीन म्हयनं. त्यास्नी बी बरं, मला बी अंदाज यील." आणि माझ्या तोंडाकडं बघून हसायला लागले. "न्हाईतर शून्य टाक. तुझ्या सायबाला आवडतंय."

मी त्यांच्यावर ओरडले. इतक्या जोरात की समोरची काकू धुणं सोडून दारात आली. काय ओरडले ते सांगत नाही, बापाला बोलायचं ते नव्हतं. खरं तर मी घाबरले होते. त्या लाल चांदणीपुढं बसून मला पहिल्यांदा स्पष्ट कळलं होतं की ती तारीख कुठंतरी आहे, फक्त कुणालाही माहीत नाही.

फॉर्म मी भरला नाही. सरांना मेल लिहिली: "फॉर्ममध्ये शेवटची तारीख मागितली आहे. ती मला माहीत नाही. माहीत नाही तिथं आकडा टाकला की काय होतं ते आपण सगळ्यांनी गुरुवारी पाहिलं. मी तीन महिने टाकणार नाही आणि शून्यही टाकणार नाही. ही जागा रिकामी ठेवावी." पाठवून दिली. परत वाचली नाही, वाचली असती तर मऊ केली असती.

दिवसभर उत्तर नाही. शनिवारी सकाळपर्यंत नाही. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की एक तारखेला मी जाणार नाही, काय करायचं ते करा. पण नोकरी गेली तर पुढं काय, ते ठरवलं नव्हतं.

दौंडला पोचलो. आप्पांचं वजन झालं, त्यांना खुर्चीवर घेतलं, हाताला नळ्या लागल्या, मशीन फिरायला लागलं. मी बाहेर जायला वळले आणि फोन वाजला. सरांची एकच ओळ होती: "तारीख राहू दे. एचआरशी मी बोललो आहे."

सॉरी नव्हतं त्यात. तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या माणसाच्या एवढ्याशा ओळीनं ते यावं याचाच मला संताप आला. मी दारातच उभी राहिले.

आप्पांनी खुर्चीतून विचारलं, "काय म्हणतोय सायब?"

"तारीख रिकामी ठेवलीय, आप्पा."

त्यांनी मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बरं झालं," ते म्हणाले. "मंग मला बी घाई न्हाई."